१८६० च्या धर्तीची गोधडी: मधल्या पट्ट्या आणि काठ कुठल्या रंगाचे घेऊ?

चिंधीबाई

नमस्कार मंडळी. शिवणकामाच्या विभागात बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

मी पेन्सिल्व्हेनियात राहते. इथल्या एका छोट्या क्विल्ट मंडळात दर गुरुवारी जाते (घरी आम्ही त्याला गोधडीमंडळच म्हणतो). बहुतेक सगळ्या आज्या, पन्नाशीच्या आतली मी एकटीच. यंदाचा विषय आहे अमेरिकन यादवी युद्धाच्या काळातली, म्हणजे १८६१ ते ६५ मधली वाटेल अशी गोधडी. कापड नवंच, पण जुन्या नमुन्यांवरून छापलेलं. इथे त्याला रिप्रॉडक्शन कापड म्हणतात.

माझे ३० चौकोन शिवून झालेत. नमुना ‘चर्न डॅश’, म्हणजे चक्क लोणी काढायची रवी! नाव कळल्यावर दुसरा नमुना बघितलाच नाही. चौकोन शिवून ९ इंची होतो. रंग म्हणाल तर तपकिरीच्या पाचसहा छटा, विटकरी लाल, निळीचा निळा आणि थोडा शेवाळी हिरवा. जमीन सगळ्यांची फिकट बदामी, त्यावर बारीक ठिपके. मांडणी पाच आडवे, सहा उभे.

घोडं अडलंय ते चौकोनांमधल्या पट्ट्यांवर आणि बाहेरच्या काठावर. पट्टी २ इंचांची, काठ ६ इंचांचा. मी काळ्या पट्ट्या आणि गडद जांभळा काठ असं मनाशी धरलं होतं. मंडळातल्या एका आजींना कापड दाखवलं, तर त्या नुसतं "हं" म्हणाल्या आणि कॉफी आणायला उठल्या. तेव्हापासून ते "हं" डोक्यात बसलंय. काय घेऊ?

करवीरकर

ताई, राग मानू नका, पण वाकळंला एवढा विचार? आमच्या आजीनं जन्मात कधी रंग निवडला नाही. जुनेर निघंल तसं घातलं, वर धडकं बघून एक लुगडं पसरलं आणि बसली टाके घालत. ऊब तेवढीच.

सुईदोरा_पुणे

करवीरकर, ऊब तेवढीच असते हे कबूल, पण आजीने रंग निवडले नाहीत हे तुम्हाला कोणी सांगितलं? वरचं "धडकं" लुगडं कुठलं घ्यायचं, हे ती निवडतच होती की.

चिंधीबाई, आधी फोटो टाका. फोटोशिवाय रंगावर बोलणं म्हणजे पाकृवाचून मिठाचा अंदाज. तोवर एवढंच सांगते. पट्टीचा रंग कुठला, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, पट्टी गडद, मध्यम की फिकी? तुमच्या चौकोनांची जमीन बदामी आहे. पट्टीही बदामी घेतलीत तर चौकोनाची हद्दच पुसली जाईल, सगळ्या रव्या एका शेतात विस्कटून टाकल्यासारख्या दिसतील. पट्टी काळी घेतलीत तर आधी दिसतील खिडकीचे गज आणि मग त्यामागची रवी. एवढी मेहनत चौकोनांवर केलीत आणि बघणारा गज बघून जाणार.

नीळकंठी

त्या आजींच्या "हं"चा अर्थ मी सांगतो. नोकरीभर कापड रंगवण्याचं रसायन शिकवलंय, त्यामुळे जरा लांबेल.

त्या काळचा रंग म्हणजे बाजारातून आणलेला डबा नव्हे. सुती कापडावर काय चढतं आणि काय टिकतं, यावर रंगांचा सगळा संसार उभा होता. लाल, विटकरी, चॉकलेटी, तपकिरी हे बहुतेक एकाच मुळीचे, मंजिष्ठेचे. युरोपातली जात वेगळी, आपली वेगळी, पण घराणं एकच. कापडाला आधी तुरटी लावली तर ती मुळी लाल देते, लोखंडाचा क्षार लावला तर जांभळट ते काळपट, आणि दोन्ही मिसळून लावले तर चॉकलेटी. म्हणजे एकाच हंड्यात कापड बुडवून चार रंग बाहेर. म्हणून जुन्या अमेरिकन गोधडीत लाल आणि तपकिरी एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसलेले असतात, त्यांचं कधी भांडण होत नाही. ते सख्खे भाऊच आहेत.

आता तुमचा काळा. सुती कापडावर पक्का, न विटणारा काळा रुळायला १८९० चं दशक उजाडावं लागलं. त्याआधी लोखंड आणि टॅनिन (झाडांच्या सालींतला तुरट अर्क) यांचा गडद रंग होता, पण तो कापडच खातो. जुन्या गोधड्यांत नेमके गडद तपकिरी आणि काळे तुकडे विरून गेलेले दिसतात, शेजारचा लाल मात्र धडधाकट. त्याचं कारण हे लोखंड. तेव्हा साध्या काळ्या पट्ट्या घातल्यात की गोधडी एकदम तीसचाळीस वर्षांनी पुढे सरकते.

जांभळ्याची गंमत वेगळी. १८५६ मध्ये लंडनला विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा क्विनीन बनवायला गेला आणि हाती लागला जांभळा. पहिला कृत्रिम रंग. पण त्याची चैन मुख्यतः रेशमावर चालली. घरातल्या सुती चिटावरचा जांभळा मंजिष्ठा आणि लोखंडाचाच, मवाळ, आणि धुऊन धुऊन तपकिरीकडे झुकणारा. तुमचा ‘गडद जांभळा’ वांग्याच्या सालीसारखा झगझगीत असेल तर आजी कॉफी प्यायला जाणारच.

चिंधीबाई

वांग्याच्या सालीसारखाच आहे. :(

फोटो चढवलेत, पहिल्या पोस्टमध्ये बघा. नीळकंठीकाका, मग निळा चालेल ना? निळीत काही खोट नाही ना?

नीळकंठी

निळीत खोट? निळीसारखा इमानदार रंग नाही. कृत्रिम नीळ बाजारात आली १८९७ मध्ये, जर्मनीतून. त्याआधीची सगळी नीळ झाडाची. अमेरिकेत साऊथ कॅरोलिनात एकेकाळी निळीची शेती जोरात होती, ती त्यांच्या स्वातंत्र्ययुद्धानंतर बसली. मग बाहेरून यायची, त्यात बंगालची नीळ मोठी. बंगालच्या रयतेने निळीच्या मळेवाल्यांविरुद्ध उठाव केला तो १८५९ चा. तुमच्या गोधडीच्या काळापासून दोनच वर्षं मागे.

कापूसकोंड्या

अवांतर आहे, पण राहवत नाही.

तुम्ही ज्या युद्धाची गोधडी शिवताय त्या युद्धाने आपली मुंबई श्रीमंत केली, आणि चार वर्षांत रस्त्यावरही आणली. १८६१ मध्ये उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली, अमेरिकन कापूस बंद, इंग्लंडात लँकेशायरच्या गिरण्या उपाशी. मग खानदेश, वऱ्हाड, गुजरात इथला कापूस मुंबईच्या धक्क्यावरून निघाला आणि भाव आभाळाला भिडले. समुद्र बुजवून जमीन करायच्या कंपन्यांचे शेअर लोकांनी डोळे मिटून घेतले. १८६५ मध्ये युद्ध संपलं, कापूस कोसळला, शेअरची रद्दी झाली. प्रेमचंद रायचंदांसारखा बडा असामीही त्यात बुडाला. विद्यापीठाचा राजाबाई टॉवर त्यांच्याच देणगीतला, बरं का.

तेव्हा गोधडीत एखादा तुकडा तरी खानदेशातल्या धरणगावच्या नावाने घाला.

सुईदोरा_पुणे

कापूसकोंड्या, तुमची गोष्ट सांगू की तुमची गोष्ट संपवू? :)

पण मुद्दा कामाचा आहे. बंदरं अडली म्हणजे दक्षिणेतल्या बाईला चीट मिळेना, ती घरी विणलेल्या कापडावर आली. उत्तरेतल्या बाईजवळ न्यू इंग्लंडच्या गिरण्यांचं छापील कापड होतं, पण महागलेलं. चिंधीबाई पेन्सिल्व्हेनियात, म्हणजे उत्तरेत. छापील पट्टी घ्यायला हरकत नाही. आणि छापीलच घ्या, कोरी एकरंगी नको. तुमच्या चौकोनांत सगळीकडे बारीक नक्षी आहे, त्यात कोरी पट्टी म्हणजे गप्पांत एकजण तोंड मिटून बसल्यासारखी.

प्रेअरीतली

मी नेब्रास्कात असते. लिंकनला इंटरनॅशनल क्विल्ट म्युझियम आहे, तिथे वर्षातून दोनतीन चकरा होतात. तिथे बघून बघून माझं एक मत झालंय. जुन्या बायका आपल्याइतक्या घाबरत नव्हत्या. आपण सहा कापडं शेजारी ठेवून ‘मॅचिंग’ बघतो. त्यांच्या गोधडीत शंभर प्रकारच्या तपकिरीत अचानक एक नारिंगी पट्टी, केशरी भातासारखी. इकडे त्या रंगाला ‘चेडर’ म्हणतात, चीजच्या नावावरून. क्रोमचा रंग. पेन्सिल्व्हेनियातल्या जर्मन वंशाच्या बायकांचा तर जीव की प्राण. तुम्ही तिथल्याच, घ्या की चेडर!

काठाबद्दल: त्या काळी काठ असायलाच हवा असंही नाही. चौकोन आणि पट्ट्या संपल्या की गोट मारून मोकळ्या, अशा कितीतरी गोधड्या आहेत. काहींना काठ तीनच बाजूंना, उशीकडची बाजू तशीच. तिथे कोण बघतंय?

नीळकंठी

चेडर दोन इंचांच्या ७० पट्ट्यांत? डोळे दिपतील. चेडर घाला, पण पट्ट्या जिथे एकमेकींना छेदतात तिथल्या छोट्या चौकोनी तुकड्यांत (त्यांना ‘दगड’ म्हणतात), मिठाइतका.

माझं ऐकाल तर ‘डबल पिंक’ बघा. गुलाबी जमिनीवर गडद गुलाबीची बारीक नक्षी. लांबून मध्यम गुलाबी दिसतो, जवळून नक्षी. तुमच्या भागात तो पिढ्यान्‌पिढ्या चालला. तपकिरीशेजारी ठेवलात की तपकिरी उजळतो, आणि मुख्य म्हणजे सुईदोरा म्हणतात तो मध्यम तोल सांभाळतो.

करवीरकर

गुलाबी?! ७० गुलाबी पट्ट्या? वाकळ हाय का लग्नाचा मांडव?

आजीचीवाकळ

करवीरकर, तुमच्याच भागातली मी (कागल). आमच्या आजीच्या वाकळीत काठ कसा यायचा सांगते. लुगडं फाटतं मधे, काठ फाटत नाही. काठाची वीण दाट. म्हणून आजी काठ कापून बाजूला ठेवायची आणि वाकळीच्या चारी कडांना तेच लावायची, कारण ओढताना, झटकताना हात कडेलाच पडतो. इरकलीचा लाल काठ असायचा. आम्ही पोरं लाल काठाची ती आजीची असं ओळखायचो. निवड अशी व्हायची, कुठल्या दुकानात जाऊन नव्हे.

एका वाकळीत मधोमध गर्द तांबडा, कोराच, हातभर तुकडा होता. बाकी सगळं नक्षीचं. मी विचारलं तर आई म्हणाली, पणजीच्या आलवणाचा. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला आणि मग आयुष्यभर तो एकच रंग नेसायला. पणजी गेल्यावर ते आलवण टाकवेना म्हणून आजीने वाकळीत घातलं. आम्ही त्या तुकड्यावर झोपायला भांडायचो, मऊ होता म्हणून. तेव्हा काय कळतंय.

सुईदोरा_पुणे

आजीचीवाकळ, हे वाचून थांबले दोन मिनिटं. वेगळा धागा काढा यावर, नक्की.

मोजपट्टी

रंग ठरवा सावकाश, मी कापड मोजून देतो. नंतर कमी पडलं की रडू येतं.

चौकोन ९, पट्टी २, बाहेरच्या कडेलाही पट्टी धरतो. रुंदी: ५ चौकोनांचे ४५ आणि ६ पट्ट्यांचे १२, एकूण ५७. लांबी: ६ चौकोनांचे ५४ आणि ७ पट्ट्यांचे १४, एकूण ६८. वर चारी बाजूंना ६ चा काठ, म्हणजे तयार गोधडी ६९ × ८० इंच.

पट्ट्या लागतील ७१ (उभ्या ३६, आडव्या ३५). माया पाव पाव इंच धरून प्रत्येकी अडीच × साडेनऊ. इकडचं कापड ४२ इंची पन्ह्याचं, एका आडव्या कापात चार निघतात, म्हणजे १८ काप, ४५ इंच. सव्वा वार झालं, तुम्ही दीड घ्या. छेदावरचे दगड ४२, त्याला पाव वार पुष्कळ.

काठ मात्र आडवा कापू नका, उभ्या धाग्यात कापा. आडवा धागा ताणला जातो आणि काठ लाटा मारतो. उभ्यात साडेसहाच्या चार पट्ट्या म्हणजे २६ इंच पन्हा, लांबी ७० च्या आत. दोन वारात चारी बाजू बिनसांध्याच्या. उरलेल्या पन्ह्यात अडीच इंची गोटही निघतो. धुऊन आटतं म्हणून सव्वादोन वार घ्या.

आणि काठाची लांबी गोधडीच्या मधोमध टेप धरून मोजा, कडेला नाही. कड शिवताना ताणलेली असते.

चिंधीबाई

सगळ्यांचे आभार! मोजपट्टी, तुमचा हिशेब छापून शिवणयंत्रावर चिकटवला.

काल दिवाणखान्यात चार चौकोन मांडले आणि मधे कागदाच्या पट्ट्यांसारखं कापड दुमडून ठेवलं: एकदा बदामी, एकदा निळं, एकदा डबल पिंक. प्रत्येकाचा फोनवर फोटो काढून तो काळा-पांढरा केला. सुईदोरा, अगदी तुम्ही म्हणालात तसंच! बदामीत रव्या विरघळल्या. निळ्यात नुसते गज. गुलाबीत मात्र आधी रवी, मग पट्टी. आणि काळ्या-पांढऱ्या फोटोत कळलं की माझे दोन शेवाळी चौकोन गुलाबीइतकेच मध्यम आहेत, तिथे रवी बुडतेय. ते दोन कोपऱ्यात टाकणार.

नवऱ्याने खोलीत येऊन विचारलं, "हे कोणाचं बारसं आहे?" करवीरकर, तुमचा भाऊ शोभतो.

तर पट्ट्या गुलाबी, दगड चेडर, काठ निळा. कसं वाटतं?

प्रेअरीतली

छान! फक्त एक सुचवू? काठ निळाच पाहिजे का? मला वाटतं बारीक फुलांचा एखादा आधुनिक करडा घेतलात तरी गोडच दिसेल. प्रदर्शनात कोणी भिंग घेऊन येत नाही.

नीळकंठी

मग १८६१ म्हणू नका, नुसती "सुंदर गोधडी" म्हणा. तिचा विषय काळ आहे ना?

प्रेअरीतली

काका, त्या बायका हाताला लागेल ते वापरत होत्या. तुम्ही त्यांना रसायनशाळेत बसवताय. व्हरमाँटच्या बेनिंग्टन संग्रहालयात जेन स्टिकलची गोधडी आहे, तिच्यावर तिने स्वतः शिवून ठेवलंय: युद्धकाळात, १८६३, तुकडे ५६०२. छोटे छोटे १६९ चौकोन, आणि काठ त्रिकोणांचा. ते बघितल्यावर वाटतं, ही बाई कोणाला विचारायला गेली नसेल.

नीळकंठी

हाताला लागेल ते वापरत होत्या हे शंभर टक्के खरं. पण हाताला काय लागणार, ते रंगाऱ्याच्या हंड्यावर होतं. स्टिकलबाईंच्या हाताला तुमचा करडा लागला नसता, एवढंच माझं म्हणणं.

सुईदोरा_पुणे

दोघंही बरोबर, पुढे चला. चिंधीबाई, कापायच्या आधी लाल आणि निळ्याची परीक्षा घ्या. तुकडा कोमट पाण्यात भिजवा, ओला असतानाच पांढऱ्या फडक्यावर दाबून ठेवा. रंग लागला तर वेगळं धुवा, पाणी निवळेपर्यंत. मीठ-व्हिनेगरने रंग पक्का होतो हे आपल्याकडे सगळ्याजणी सांगतात, आजच्या रंगांना त्याने काही होत नाही. मी एक चादर अशीच घालवलीय.

चिंधीबाई

परीक्षा झाली. निळा साव निघाला, विटकरी लाल चोर! तीन वेळा धुतला तेव्हा पाणी निवळलं. पण तो लाल नऊ चौकोनांत शिवून बसलाय. आता पूर्ण गोधडी पहिल्यांदा धुताना रंग शोषणारे कागद टाकेन आणि देवाचं नाव घेईन.

दुसरी बातमी. निळं कापड दुकानात एकच वार उरलं होतं, आणि नवा माल कधी येईल ते त्यांना माहीत नाही. मोजपट्टी, काय करू? फोनवर दुसऱ्या दुकानाचं निळं बघितलं, ते हिरवट आहे.

मोजपट्टी

एका वारात साडेसहाचे पाच आडवे काप निघतात. चार काप जोडले की दोन लांब बाजू होतील, प्रत्येकीला एक सांधा. उभा धागा सोडावा लागेल, तेव्हा ताणू नका, टाचण्या भरपूर लावा. वरखाली दुसरं काहीतरी. सांधा बरोबर मधे घेऊ नका, थोडा बाजूला घ्या, नजरेला कमी टोचतो.

प्रेअरीतली

वरखाली चॉकलेटी! दोन बाजू एक, दोन बाजू दुसऱ्या, अशा जुन्या गोधड्या हव्या तेवढ्या दाखवते. आता नीळकंठीकाका पण काही बोलणार नाहीत.

नीळकंठी

मंजिष्ठेचा चॉकलेटी असेल तर मंजूर.

चिंधीबाई

आणला चॉकलेटी, दोन वार. त्यावर बारीक गुलाबी कळ्या आहेत, त्या पट्ट्यांशी बोलतात. वरचा-खालचा काठ आणि गोट दोन्ही त्यातच निघतंय.

आज ७१ पट्ट्या कापून झाल्या. तीन तिरक्या गेल्या, दीड वार घेतल्याचा फायदा. गुरुवारी आजींना दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, निळ्या काठाचा सांधा बोटाने चाचपला आणि विचारलं, "कापड कमी पडलं का?" म्हटलं हो. तर म्हणाल्या, "मग आता बरोबर दिसेल."

आता पुढचा प्रश्न. आतला कापूस पातळ घेऊ की जाड? आणि टाके कुठल्या रंगाच्या दोऱ्याने?

करवीरकर

दोरा पांढरा. ह्यात तरी वाद घालू नका.

नीळकंठी

बदामी. पांढरा शुभ्र दोरा चॉकलेटीवर कसा दिसेल, विचार करा.

करवीरकर

झालं सुरू.